होलोकॉस्टच्या अभ्यासानंतरचे विद्यार्थ्यांचे चिंतनलेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंतनलेखन म्हणजे काय? 'स्वमत लिहा' या प्रश्नापेक्षा ते वेगळे कसे?

होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या युरोपातील ज्यूंच्या संहाराचा, अभ्यास संपल्यावर आपण काय शिकलो, आपली कोणती समजूत बदलली आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे, एवढीच चिंतनलेखनाची अपेक्षा असते. 'स्वमत लिहा' या प्रश्नाची आपल्या मुलांना सवय असते. त्याचे उत्तर बहुधा ठरलेल्या वळणाने जाते आणि 'अशा घटना पुन्हा घडू नयेत' या वाक्यापाशी थांबते. हे वाक्य चुकीचे नाही. पण ते धडा न वाचताही लिहिता येते, हीच त्याची अडचण आहे. ज्या लेखनात एखादी तारीख, एखादे गाव, एखादा हुकूम किंवा एखाद्या माणसाचा निर्णय हाती धरून विचार पुढे नेलेला असतो, ते लेखन तुटक असले, अपुरे असले तरी अधिक मोलाचे मानावे. पुढील उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

होलोकॉस्ट या घटनेची व्याप्ती नेमकी किती?

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी १९३३ ते १९४५ या काळात युरोपातील ज्यूंचा पद्धतशीर छळ केला आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली; त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये डाखाऊ येथे पहिली मोठी छळछावणी उघडली गेली. सुरुवातीला तिथे प्रामुख्याने राजकीय विरोधक होते. एप्रिलमध्ये ज्यू दुकानांवर बहिष्कार आणि सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी, सप्टेंबर १९३५ मध्ये नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे, ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी प्रार्थनास्थळांची जाळपोळ आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांची अटक, अशा पायऱ्यांनी छळ वाढत गेला. सामूहिक हत्याकांड मात्र जून १९४१ मध्ये सोव्हिएत युनियनवर आक्रमण झाल्यावर सुरू झाले.

याच राजवटीने रोमा (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत) लोकांचीही हत्या केली. त्यांच्या मृतांचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. अपंग आणि मनोरुग्ण यांना 'उपचारा'च्या नावाखाली मारणारी टी-४ ही योजना १९३९ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत तिने सुमारे ७०,००० बळी घेतले. सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख उपासमारीने, रोगराईने आणि गोळीबाराने मेले. ही धोरणे एकमेकांशी जोडलेली होती, पण एकसारखी नव्हती. विद्यार्थ्याने ती एकाच वाक्यात कोंबू नयेत.

अभ्यासापूर्वी विद्यार्थ्यांच्या मनात कोणते गैरसमज असतात?

या प्रश्नावर शिक्षकांनी पुरेसा वेळ द्यावा, कारण चिंतनलेखनाची खरी सुरुवात बदललेल्या समजुतीपासून होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने इंग्लंडमधील सुमारे ८,००० शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय १९९१ पासून सक्तीचा असूनही, अनेक विद्यार्थ्यांना सारा दोष एकट्या हिटलरचा वाटत होता, जर्मनीतील ज्यूंची संख्या ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त समजत होते आणि पोलंडमधील ऑशविट्झ या छावणीपलीकडची स्थळे त्यांना फारशी ठाऊक नव्हती.

वस्तुस्थिती अशी आहे की १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा कळल्यावर 'ज्यूंनी देश व्यापला होता' या प्रचाराचा पायाच निखळतो आणि विद्यार्थी विचारू लागतो की इतक्या थोड्या लोकांची इतकी भीती कशी निर्माण केली गेली. बळींपैकी बहुसंख्य जर्मन नव्हतेच. एकट्या पोलंडमधील सुमारे ३३ लाख ज्यूंपैकी जवळजवळ ३० लाख मारले गेले.

दुसरा गैरसमज मृत्यूच्या पद्धतीविषयी असतो. मुलांच्या मनात गॅस चेंबरचे चित्र असते. प्रत्यक्षात १५ ते २० लाख ज्यू आपापल्या गावांबाहेरच्या खड्ड्यांवर गोळ्या घालून मारले गेले. कीव्ह शहराजवळच्या बाबी यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना ठार केल्याची नोंद मारेकऱ्यांच्याच अहवालात आहे. छळछावणी आणि संहारछावणी यांतला फरकही स्पष्ट करावा. डाखाऊमध्ये कैद, सक्तमजुरी आणि मृत्यू होते. ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक ही ठिकाणे मात्र माणसे उतरवून काही तासांत मारण्यासाठीच उभारलेली होती. ट्रेब्लिंका येथे नऊ लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले आणि नंतर नाझींनी ती छावणी पाडून जमीन नांगरली. ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख लोक मारले गेले, त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. तिथे सक्तमजुरीही होती, म्हणून सांगायला काही माणसे उरली. आपल्या स्मृतीत ऑशविट्झ ठळक आणि बेल्झेक अंधुक असण्यामागे हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते नववीतल्या विद्यार्थ्यालाही ते कळू शकते.

ब्रिटनने ज्यूंना वाचवण्यासाठी युद्ध पुकारले, हा समजही चुकीचा आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद झाली; निर्वासितांविषयी सहानुभूती जवळजवळ सर्वांनी व्यक्त केली, दारे मात्र फार थोड्यांनी उघडली.

'हिटलर इतका क्रूर का होता?' हा प्रश्न घेऊन विद्यार्थी लिहू लागला तर त्याला कुठे न्यावे?

त्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीपाशी न्यावे. जर्मन रेल्वेने ज्यूंना छावण्यांकडे नेण्याचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या दराने आकारले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट होते, चार वर्षांखालील मुलांना प्रवास मोफत होता आणि चारशेहून अधिक प्रवाशांच्या गटाला सवलत मिळे. भाडे एकेरी होते. हा हिशेब करणाऱ्या कारकुनाने कोणाला मारले नाही, त्याने फक्त कोष्टक भरले. १९४४ मध्ये मे ते जुलै या सुमारे आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना नेण्यात आले, ते अशा कोष्टकांशिवाय शक्य नव्हते. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळच्या व्हान्झे येथील बंगल्यात जमलेले १५ अधिकारीही बहुतांशी उच्चशिक्षित होते आणि त्यांतील कित्येकांकडे कायद्याची पदवी होती. हत्या तोवर सुरू झाल्या होत्याच. त्या बैठकीत खात्याखात्यांतील समन्वय ठरला, आणि ती सुमारे दीड तासात आटोपली.

'हुकूम पाळला नसता तर त्यांनाच मारले असते' हे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. त्यांच्यासमोर राखीव पोलीस बटालियन १०१ चे उदाहरण ठेवावे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफुफ या गावात सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घालण्याआधी या बटालियनच्या मेजरने, ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे सांगितले. सुमारे ५०० जणांतून डझनभर पुढे आले आणि त्यांना कोणतीही मोठी शिक्षा झाली नाही. ही माणसे हँबुर्गकडची, मध्यमवयीन, कामगार आणि कारकून अशी होती. उरलेल्यांनी बंदूक का उचलली? सोबत्यांसमोर भित्रा ठरण्याची लाज, अधिकाराची सवय, अनेक वर्षांचा प्रचार, बढतीची आशा, की या साऱ्यांचे मिश्रण? याचे उत्तर इतिहासकारांतही एकमुखी नाही. विद्यार्थ्याने ते अर्धवट सोडले तरी चालेल. 'ते राक्षस होते' असे लिहून प्रश्न मिटवला तर मात्र शिक्षकाने समासात प्रश्नचिन्ह काढावे.

ज्यूंनी प्रतिकार का केला नाही, असे मुले विचारतात. काय सांगावे?

त्यांनी प्रतिकार केला, हे आधी सांगावे. वॉर्सा घेट्टोतील (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील) उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झाला आणि मोजक्या शस्त्रांच्या बळावर जवळजवळ महिनाभर चालला. ट्रेब्लिंकात २ ऑगस्ट १९४३ रोजी, सोबिबोरमध्ये १४ ऑक्टोबर १९४३ रोजी आणि ऑशविट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊमध्ये ७ ऑक्टोबर १९४४ रोजी कैद्यांनी बंड केले.

पण प्रतिकार म्हणजे केवळ बंदूक, असे मानल्यास फार मोठा भाग नजरेआड होतो. वॉर्सा घेट्टोत चार लाखांहून अधिक माणसे साडेतीन चौरस किलोमीटरांच्याही आत कोंडलेली होती. तिथे इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने साथीदारांसह रोजनिश्या, शिधापत्रिका, मुलांचे निबंध, भित्तिपत्रके असे हजारो कागद गोळा केले आणि ते पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या धातूच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. त्यांचा एक भाग १९४६ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये सापडला. रिंगेलब्लुम स्वतः १९४४ मध्ये मारले गेले होते. आपला इतिहास मारेकऱ्यांच्या कागदांवरून लिहिला जाऊ नये म्हणून केलेली ही धडपड होती.

त्याच घेट्टोत यानुश कोर्चाक हे डॉक्टर अनाथाश्रम चालवीत होते. १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या आश्रमातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक सादर केले. मृत्यूला सामोरे जाणाऱ्या लहान अमलची ती गोष्ट आहे. चारच दिवसांनी घेट्टोतून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक सुमारे दोनशे मुलांसह गेले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्यांनी नाकारली होती. भारतीय विद्यार्थ्यांना हा प्रसंग सहज भिडतो. मात्र त्यावर लिहिताना डोळ्यांतील पाण्यापाशी थांबू नये, तर त्या डॉक्टरांनी नेमके हेच नाटक का निवडले असेल याचा विचार करावा.

छायाचित्रे दाखवावीत का?

दाखवावीत, पण थोडी, आणि प्रत्येकाबरोबर 'हे कोणी काढले?' हा प्रश्न ठेवून. हंगेरियन ज्यू बिर्केनाऊच्या फलाटावर उतरतानाची सुमारे दोनशे छायाचित्रे नाझी एसएस संघटनेच्याच माणसांनी १९४४ मध्ये काढली. तो संग्रह लिली याकोब या तरुणीला मुक्ततेनंतर दुसऱ्या एका छावणीत सापडला आणि त्यात तिला स्वतःचेच नातेवाईक दिसले. पुढे १९८० मध्ये तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेला दिला. याउलट, ऑगस्ट १९४४ मध्ये प्रेते जाळण्याच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चार छायाचित्रे चोरून काढली आणि ती फिल्म टूथपेस्टच्या नळीतून बाहेर पाठवली. ती तिरकी आणि अस्पष्ट आहेत. हे दोन संच शेजारी ठेवले की पुरावा कोणाच्या नजरेतून येतो याचा धडा मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. प्रेतांच्या राशींची चित्रे शाळेत दाखवण्याची गरज मला वाटत नाही.

'तू छावणीत आहेस अशी कल्पना करून आईला पत्र लिही' असा स्वाध्याय द्यावा का?

देऊ नये. वर्गातील काही मुलांना पिवळे तारे (नाझींनी ज्यूंवर सक्तीची केलेली खूण) लावून भेदभावाचा 'अनुभव' देण्याचा खेळही करू नये. अशा कृतींतून मुलाला वाटते की आपल्याला ते कळले, आणि जे कळणे शक्य नाही ते कळल्याचा भास ही अज्ञानाहून वाईट स्थिती आहे. जगभरातील बहुतेक स्मारकसंस्था अशा अभिनयाला विरोधच करतात. त्याऐवजी वाचलेल्या व्यक्तीची साक्ष ऐकावी. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनने ५०,००० हून अधिक साक्षी ध्वनिचित्रित केल्या आहेत. एक साक्ष ऐकावी, साक्षीदार कुठे थबकतो, काय टाळतो, कशावर हसतो, ते टिपावे आणि त्यावर लिहावे.

'हिटलर शिस्तप्रिय होता, त्याने देश वर आणला, नेताजींना मदत केली' असे विद्यार्थ्याने लिहिले तर?

आपल्याकडे हे वाक्य सर्रास येते, आणि रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे हिटलरचे आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते, तेव्हा त्याचे आश्चर्यही वाटू नये. विद्यार्थ्याला गप्प करू नये. त्याच्याकडे पुरावा मागावा. बेकारी कमी झाली ती मोठ्या प्रमाणात शस्त्रनिर्मिती आणि सक्तीची सैन्यभरती यांमुळे. बारा वर्षांच्या शेवटी देश उद्ध्वस्त होऊन दुभंगला. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले, पण हिटलरची भेट मिळायला २९ मे १९४२ उजाडले, आणि भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणारी जाहीर घोषणा त्यांना हिटलरकडून मिळाली नाही. ज्या आत्मचरित्राचे कौतुक होते, त्यातच त्याने भारत अन्य कोणाहीपेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला बरा, असे म्हटले आहे. एवढे वाचून विद्यार्थ्याने आपले मत पुन्हा लिहावे. बदलले नाही तर का बदलले नाही, तेही लिहावे.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा काही संबंध आहे का?

आहे, पण तो ताणू नये. कोकणातील बेने इस्रायल, ज्यांना गावोगावी 'शनिवार तेली' म्हणत, हे मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतके इथे निर्धोक राहिले. युरोपातील संहाराची झळ त्यांना थेट लागली नाही. मुंबईत १९३४ मध्ये निर्वासितांसाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. युरोपातून निसटलेल्यांपैकी संगीतकार वॉल्टर काउफमन त्याच वर्षी मुंबईला आले. आकाशवाणीची परिचयधून सर्वसाधारणपणे त्यांच्याच नावावर आहे. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पारपत्रधारकांना 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून ताब्यात घेतले, त्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यूही सापडले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अशी छावणी होती. छळ करणारा आणि छळाला कंटाळून आलेला यांना एकाच कुंपणात ठेवणारे हे सरकारी तर्कशास्त्र चिंतनलेखनासाठी उत्तम विषय आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीविषयी मात्र नेहमी गल्लत होते. १९४३ पासून तिथे राहिलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, बहुसंख्येने कॅथलिक होते आणि त्यांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते ते सोव्हिएत राजवटीने. त्यांची कहाणी त्याच महायुद्धाची आहे, होलोकॉस्टची नाही.

वरच्या वर्गांसाठी गांधीजींचा २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मधील लेख घ्यावा. ज्यूंविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त करून त्यांनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता. मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने जेरुसलेमहून फेब्रुवारी १९३९ मध्ये त्याला आदराने, पण ठाम विरोध करणारे उत्तर लिहिले. दोन्ही वाचून विद्यार्थी कोणाच्या बाजूने झुकतो यापेक्षा दोघांपाशी त्या क्षणी कोणती माहिती होती हे तो पाहतो का, ते महत्त्वाचे.

जातिव्यवस्था किंवा फाळणी यांच्याशी तुलना चालेल का?

तुलना मनात येणारच. ती अडवण्यात अर्थ नाही. न्यूरेंबर्ग कायद्यांनुसार ज्याचे तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू, तो ज्यू, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. जन्मावरून माणसाची जागा ठरवणारा हा नियम वाचताच इथल्या विद्यार्थ्याला जात आठवते, आणि ते साहजिक आहे. परंतु जातिव्यवस्था माणसाला खालच्या जागी ठेवून त्याच्या श्रमावर जगते, तर १९४१ नंतरच्या नाझी धोरणाला तो माणूस जगायलाच नको होता. फाळणीच्या हिंसाचारामागे एकाच राज्ययंत्रणेने आखलेली संहाराची योजना नव्हती. दुःख कोणाचे मोठे हे मोजण्यासाठी तुलना करू नये. यंत्रणा कशी चालली हे कळण्यासाठी करावी.

हे सारे घडलेच नाही, असे सांगणारे व्हिडिओ मुले पाहतात. त्यांना काय दाखवावे?

कागद दाखवावेत. व्हान्झे बैठकीच्या इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी सोळावी तेवढी उरली, ती १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. जर्मनीतील आरोल्सन अभिलेखागारात नाझी राजवटीची झळ सोसलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीच्या नोंदी आहेत. एप्रिल २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने होलोकॉस्ट नाकारणारे लेखक डेव्हिड आयर्विंग यांचा बदनामीचा दावा फेटाळताना, त्यांनी पुराव्यांची जाणीवपूर्वक मोडतोड केल्याचे नोंदवले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाचा ज्ञानकोश हिंदीतही वाचता येतो.

कोणत्या वयापासून शिकवावे?

ऑशविट्झचे स्मारक १४ वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवते आणि तीच मर्यादा ढोबळमानाने मानावी. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात अनेक वर्षे नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण शिकवले गेले आहे, त्यामुळे वयाचा मेळ जमतो. त्याआधी एखाद्या मुलाने विचारलेच, तर शाळेतून काढल्या गेलेल्या ज्यू मुलांविषयी सांगता येते. १५ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांना जर्मन शाळांतून पूर्णपणे वगळण्यात आले होते. एवढे त्या वयाला पेलते.

गुण कसे द्यावेत?

भावनेला गुण देऊ नयेत. 'मला रडू आले' असे लिहिणाऱ्याला जास्त आणि 'मला काहीच वाटले नाही, आकडे फार मोठे आहेत' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला कमी गुण दिले, तर पुढच्या वेळी सगळा वर्ग रडेल. तथ्ये अचूक आहेत का, एका विशिष्ट पुराव्याचा आधार घेतला आहे का, आणि आधीची समजूत व नंतरची समजूत यांतला फरक दिसतो का, हे तपासावे. शक्य असल्यास गुण न देता केवळ शेरे द्यावेत, आणि सत्राच्या अखेरीस तेच लेखन विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याला वेगळ्या रंगाच्या शाईने समासात भर घालू द्यावी.